कागदावरच्या माणसांसाठी चहा

आमच्या मजल्यावर एकदा दुखवट्याचा चहा आला, तो अशा बाईसाठी की जी कधी जन्मालाच आली नव्हती.

नायगावच्या बीडीडी चाळीतला आमचा तिसरा मजला. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि जिन्यापाशी काय तो थोडा उजेड. त्या उजेडात सतरंजी टाकून वत्सलाताई सपकाळे रोज दुपारी कादंबरी मोठ्याने वाचत. त्या दिवशी कादंबरीतली शेवंता गेली. आमच्या समोरच्या खोलीतल्या हिरामावशी भिंतीला डोकं टेकून हुंदके देत होत्या, बाकीच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या जाधववहिनी वाळवणाची परात घेऊन गच्चीकडे निघाल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं, मान खाली घातली आणि आल्या पावली परत गेल्या.

आमच्या चाळीत अशा वेळी ‘कोण गेलं’ असं विचारत नाहीत. त्या घरात आता चूल पेटायची नाही हे धरून आधी चहा पाठवायचा, चौकशी मागाहून. त्याप्रमाणे थोड्या वेळाने जाधववहिनी भरलेली किटली, ग्लास आणि पाव घेऊन वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, “वत्सलाताई, काय लागलं तर हाक मारा. माणसं कधी यायचीत?”

मला हसू आवरेना. मी ऑफिसला सुट्टी म्हणून त्या दिवशी ऐकायला बसले होते. वत्सलाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी गार झालं. मग त्या जाधववहिनींना म्हणाल्या, “बसा वहिनी. शेवंताच्या मागे रडणारं कुणी लेखकाने ठेवलेलं नाही. तुम्ही चहा आणलात, फार बरं केलंत.” कोण ही शेवंता ते वहिनींना सविस्तर कळलं तेव्हा त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या, किटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, “कशानं गेली ओ?”

तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. कादंबरीतलं जिवाभावाचं माणूस गेलं की त्या दिवशी चहा दुसऱ्या मजल्यावरून येणार. नायकाचा दुष्ट काका वगैरे गेला तर आपापल्या घरी करून प्यायचा.

वत्सलाताईंची सगळी नोकरी परळच्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली. आवाज खणखणीत, पण कानाला टोचणारा नाही. रिटायर झाल्या तरी बोर्ड काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. वाचताना कुणी मध्ये बोललं की बोट ओळीवर ठेवून म्हणायच्या, “होल्ड करा.” दुसऱ्या दिवशी सुरुवात करताना, “हं, जोडून देते.” लग्न का नाही केलंत असं एकदा एका आगाऊ बाईने विचारलं, तर ताईंनी “लाईन एंगेज होती” एवढंच उत्तर दिलं आणि पान उलटलं. खोलीत भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्यापुढे मेणबत्ती, आणि तिच्याशेजारी त्या वेळी चालू असलेली कादंबरी. बाईंचं देवाधर्माशी कधी जमलं नाही. पण कादंबरी जमिनीवर ठेवलेली त्यांना खपत नसे.

वाचनाचे त्यांचे कायदे होते आणि ते त्या कुणासाठीही वाकवत नसत. ऐकणाऱ्यांच्या पुढे जाऊन एक ओळही वाचायची नाही. पुढे काय होणार हे सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे. लेखकाशी वाटेल तेवढं भांडावं, पण त्याचा शब्द बदलायचा नाही. शेवटचं प्रकरण सगळे जमल्याशिवाय उघडायचं नाही. आणि एक कादंबरी संपली की तिथल्या तिथे दुसरीचं पहिलं पान वाचायचं. “कुणी रिकाम्या हाताने घरी जायचं नाही,” असं त्या म्हणत.

कादंबरीबद्दल त्यांचं मत ऐकणं हा कादंबरीपेक्षा मोठा कार्यक्रम असे. ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली की हिरामावशी पदर डोक्यावरून घेऊन ताठ बसायच्या; जणू स्वारी जिन्यानेच वर येणार आहे. वत्सलाताई महाराजांचं भाषण अगदी ठसक्यात वाचायच्या, अभिमानाने मान हलवायच्या, आणि प्रकरण संपलं की विचारायच्या, “एवढं लष्कर उतरलंय. पाणी कोण भरतंय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पहाटे नळाला पाणी आलं की हंडे-कळशांच्या आवाजाने जाग्या होणाऱ्या चाळीत तो कुणाला विचित्र वाटत नसे. ज्या कादंबरीत पाणी भरणारं माणूस दिसतं ती त्यांच्या मते निम्मी तरी खरी.

भुताच्या कादंबऱ्यांना त्या जराही भीक घालत नसत. बाकी सगळ्यांची बोबडी वळलेली असायची आणि ह्या चष्मा पुसत म्हणायच्या, “भुताला बंगला लागतो गं. आपल्याकडे एका खोलीत आठ माणसं. ते येईल बिचारं, पण उभं कुठे राहील?” प्रेमाच्या कादंबऱ्या त्यांना आवडत, मात्र त्यातल्या संवादांवर त्यांचा विश्वास नव्हता. नायकाने चंद्र-तारे घालून पानभर प्रेम व्यक्त केलं की त्या बोट ठेवून थांबायच्या. “मी जन्मभर लोकांचे फोन जोडलेत. ज्याला खरं काही सांगायचं असतं ना, त्याला एवढं लांब वाक्य सुचत नाही. तो नुसता ‘जेवलीस का’ विचारतो आणि पुढे गप्प बसतो.” त्यानंतर मी नवऱ्याच्या फोनकडे नव्या नजरेने बघायला लागले, हे खरंच आहे.

रहस्यकथा चालू असली की पोलीस क्वार्टर्समधून शिंदेकाका यायचे. हवालदार म्हणून रिटायर झालेले. खुर्ची घरून आणायचे आणि तिसऱ्या प्रकरणातच आरोपी जाहीर करायचे. तो कधीही बरोबर नसे. एकदा त्यांनी माळ्यावर संशय घेतला, मग डॉक्टरवर, मग खुद्द मेलेल्या माणसावर. हिरामावशी म्हणायच्या, “काका, तुमी खात्यात व्हतास तेवा चोरांची मजाच झाली आसतली!” काका रागवायचे, उद्यापासून येणार नाही म्हणायचे आणि उद्या वेळेआधी हजर. वत्सलाताईंची तक्रार निराळी होती. त्या म्हणायच्या, “पहिल्या पानावर एक माणूस मेला. तेव्हापासून सगळे त्याच्या घड्याळाबद्दल बोलतायत, बुटांबद्दल बोलतायत. त्याच्याबद्दल कुणी बोलायचं?” आणि जाधववहिनींकडे निरोप जायचा, की अर्धी किटली तरी पाठवा, इथेही एक जण गेलाय.

मंगळावर वसाहत करणारी एक कादंबरी होती. मला वाटलं, ही काही चालायची नाही. पण ती तर भलतीच रंगली. त्या वेळी आमच्या चाळींच्या पुनर्विकासाच्या सभा चालू होत्या, कुणाला कितवा मजला मिळणार यावर घराघरांत वाद होते, आणि मंगळावरही नेमकं तेच चाललं होतं. वत्सलाताई एका पानावर थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “नवीन ग्रह, नवी हवा. आता बघत राहायचं, तिथे गेल्यावर हे लोक सगळ्यात आधी कुणाला लांबची जागा देतात.” दोन प्रकरणांनी तसंच झालं. त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

आणि एक ती खेड्यावरची कादंबरी. तीत पहाटेच्या विहिरीचं लांबलचक वर्णन होतं. पाण्यात उतरलेलं आभाळ, रहाटाचा आवाज, बायकांचं हसणं. वत्सलाताईंनी ते इतकं सुरेख वाचलं की आम्हाला गारवा जाणवला. मग त्यांनी पुस्तक मिटलं, बोट आतच. “छान लिहिलीय विहीर,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीला तिच्याजवळ जाऊ दिलं असतं, तर तिनेही वर्णन केलं असतं.”

हिरामावशी मालवणकडच्या, त्यांच्या माहेरी परसात विहीर होती आणि तिच्या गोष्टी त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितल्या होत्या. त्या उठल्या, आपल्या मोरीतून तांब्या भरून आणला आणि वत्सलाताईंपुढे ठेवला. ताई पाणी प्यायल्या, तोंड पुसलं. “होल्ड संपला,” म्हणाल्या आणि विहिरीच्या पुढची ओळ वाचू लागल्या. ती कादंबरी त्यांनी शेवटपर्यंत वाचली, चांगली आहे असंही सांगितलं. मला त्या बाईचं जे मोठेपण वाटतं ते हे आहे.

हिरामावशींनी गिरणगावात खानावळ चालवून चार मुलं वाढवली. अक्षरओळख बेताची. पण वत्सलाताई म्हणायच्या, “हिरा नसली तर मी नुसते शब्द वाचते.” लेखकाने कुणावर अन्याय केला की हिरामावशी सरळ त्याच्यावर जायच्या. “ह्या लिवणाऱ्याक घराक जेवक कोण वाढता गो? तिका जाऊन सांगूक होया!” अशा वेळी वत्सलाताई खाली मान घालून हसत राहायच्या, पुढची ओळ मुद्दाम उशिरा वाचायच्या.

मग चाळ रिकामी करण्याचा दिवस आला. त्या वेळी चालू होती ती कादंबरी रद्दीवाल्याकडून आणलेली, मुखपृष्ठ फाटलेलं, नाव कुणालाच ठाऊक नाही. गोदा नावाची बाई तरुणपणी घर सोडून दूरच्या धर्मशाळेत स्वयंपाकाला राहते, आणि म्हातारपणी खाडीकाठच्या आपल्या गावी परत निघते, अशी गोष्ट. हिरामावशी तिच्यात पुरत्या गुंतल्या होत्या. रोज एकच विचारायच्या, “घराक पोचतली मां गो ती?” वत्सलाताईंना ठाऊक नव्हतं, त्या पुढे वाचतच नसत. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि सामानाचे टेम्पो दारात लागले. एक दुपार सगळ्यांनी मिळून बसावं, तर कुणाचं कपाट जिन्यात अडकलेलं, कुणाची पोरं रडतायत. प्रकरण राहिलं ते राहिलंच.

वत्सलाताई माहीमला भाचीकडे गेल्या. हिरामावशी मुलाबरोबर डिलाईल रोडच्या एका उंच इमारतीत भाड्याने. शिंदेकाका कुठे, आम्ही कुठे. जागा मिळेल तेव्हा पुन्हा एकत्र येऊच, असं जो तो म्हणत होता. वत्सलाताई म्हणत नव्हत्या. मग हिरामावशींचं दुखणं निघालं. छातीत पाणी झालं, इस्पितळात नेलं, परत आणलं. मी भेटायला गेले तर ओळखीच्या त्या दणदणीत आवाजाची पार रया गेली होती. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. आत मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांनी मुलाबाळांचं विचारलं नाही, दुखण्याचं सांगितलं नाही. “सूनबाय, गोदाचा काय झाला? वत्सलाक विचार.”

मी तिथूनच वत्सलाताईंना फोन लावला आणि म्हटलं, फोनवरच वाचून दाखवा ना, स्पीकर लावते. त्या एकदम कडक झाल्या. “जन्मभर फोनवर बोलले. समोरच्याचं तोंड कधी दिसलं नाही. वाचताना मला तोंडं लागतात. तू शिंदेभाऊंना कळव, जाधववहिनींना कळव. आम्ही येतो.”

रविवारी सगळे जमलो. लिफ्टने इतक्या वर जाताना जाधववहिनींनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. वत्सलाताई पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून आल्या होत्या, खांद्याला मोठी पिशवी. मुलाने त्यांना दारातच गाठलं. “ताई, शेवट वाईट असला तर… जरा सांभाळून घ्या ना. तिला काय कळणार? गोदा घरी पोचली म्हणून सांगा.” ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या. ह्या बाईच्या कायद्यापायी आज काहीतरी भलतंच होऊन बसणार, अशी भीती वाटली, आणि थोडा रागही आला.

“हं हिरा, जोडून देते,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

गोदा घरी पोचली नाही. खाडीपर्यंत आली, पलीकडे गावातले दिवे दिसत होते, पण रात्रीची होडी बंद झालेली. ती तिथेच धक्क्यावर निजली आणि सकाळी उठली नाही. वत्सलाताईंनी एक अक्षर गाळलं नाही, आवाज हलला नाही. शेवटच्या पानावर होडीवाला म्हातारा आपल्या मडक्यातलं पाणी गोदाच्या तोंडात घालतो, ते वाचताना त्या जरा सावकाश झाल्या, इतकंच. मग पुस्तक मिटलं.

हिरामावशी डोळे मिटून पडल्या होत्या. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे चाललं होतं. मुलगा दारात पाठ करून उभा. हिरामावशी पुटपुटल्या, “पाणी तरी दिल्यान.” आणि मग, उशीवरून मान उचलून, आमच्या ओळखीच्या आवाजात, “पण एक रात, गो! एक रात तिका जास्त दिली आसती तर ह्या मेल्या लिवणाऱ्याच्या बापाचा काय जाणार व्हता? व्हडी सकाळी लागतलीच व्हती मां?”

झालं. भांडण सुरू झालं. जाधववहिनी म्हणाल्या, दिवे तरी दिसले तिला. हिरामावशी म्हणाल्या, दिवे काय चाटायचेत. मुलगा आत येऊन आईच्या पायाशी बसला आणि तोही म्हणाला की शेवट काही पटला नाही. त्या गडबडीत वत्सलाताईंनी पिशवीतून मोठा थर्मास काढला, ग्लास काढले आणि चहा ओतायला लागल्या.

शिंदेकाका खुर्ची पुढे ओढून बसले. ते थर्मासकडे बघत म्हणाले, “ताई, जरा थांबा. हा चहा तुम्ही माहीमवरून भरून आणलाय.”

“होय.”

“म्हणजे गोदा जाणार हे तुम्हाला घरून निघतानाच माहीत होतं. तुम्ही शेवट आधी वाचलात.”

आयुष्यात पहिल्यांदा शिंदेकाकांनी गुन्हा बरोबर पकडला होता, आणि तोही कुणाचा! वत्सलाताईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. “कबूल आहे, शिंदेभाऊ,” त्या म्हणाल्या. “हिरासमोर वाचताना मध्येच रडायला आलं असतं तर ती घाबरली असती. म्हणून काल एकटीने वाचून, रडून घेतलं.”

हिरामावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. “आणि येवढा वाचलंस तर बदलूक काय झाला व्हता तुका? घराक पोचवची तिका. माका काय कळणार व्हता?”

“तुला कळलं असतं, हिरा. मी खोटं वाचायला लागले असते ना, तर तू आता जगत नाहीस हे तुला लगेच कळलं असतं.”

हिरामावशींनी हात पुढे केला. ग्लास मागून घेतला, घोटभर चहा घेतला आणि तोंड वाकडं केलं. “साखर कमी पडली,” म्हणाल्या.

आता हिरामावशी नाहीत. तो उन्हाळा तेवढा त्यांनी काढला. वत्सलाताई भावाकडे नाशिकला असतात, आणि आमच्या जागेचा ताबा मिळाला तरी त्या परत येतील असं मला वाटत नाही. मला त्या अजूनही दिसतात त्या त्याच दिवशीच्या, हिरामावशींच्या दारातल्या. आम्ही निघालो होतो. शिंदेकाकांनी लिफ्टचं दार पाय घालून अडवून धरलं होतं आणि लिफ्ट कोकलत होती. आतून हिरामावशींचा आवाज आला, “आणि पुढची खंयची गो?”

वत्सलाताई थबकल्या. पिशवीत हात घातला, दुसरी कादंबरी काढली. ती त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. काकांकडे बघून म्हणाल्या, “होल्ड करा.” आणि तिथे, उंबऱ्यात उभ्याने, पिशवी खांद्याला तशीच, इस्पितळाच्या बोर्डावरच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी पहिलं पान वाचलं. एका बंद दुकानापुढे एक माणूस किल्ली शोधत उभा आहे, एवढंच त्यात होतं.

“फुडे?” आतून प्रश्न आला.

“पुढचं पुढच्या रविवारी. तोपर्यंत कुठे जायचं नाहीस.”

“मी खंय जातलंय गो?” हिरामावशी म्हणाल्या. “त्याका किल्ली मिळाक होयी मां.”